सिंधूच्या फळीवरची डबी

नांदेड, ६ फेब्रुवारी २०२४

आत्या, शरणार्थ.

तुझ्या हट्टापायी कागदावर लिहिते आहे. पोस्टाच्या खिडकीत वर्दीतली बाई पाकीट घेऊन उभी राहिली की लोक कसे बघतात, ते तू एकदा येऊन बघ. पण केसचं फोनवर बोललेलं आधी ठाण्यात पोचतं आणि मग आपल्या माणसाला, हे तुझं म्हणणं मला इथे आल्यापासून पटलं आहे. म्हणून हे पत्र.

फौजदार झाल्यापासून पहिली केस अशी मिळाली, जी माझी म्हणता येईल. विरूपाक्षप्पा म्हणून आपल्याच लिंगायत समाजातले एक वृद्ध व्यापारी इथे जुन्या नांदेडात राहत. बायको कधीच वारली. मुलगा शिवकुमार लातूरला, त्याची डाळमिल आहे. म्हाताऱ्यांना लातूर नको होतं, म्हणून घरात सिंधू नावाची बाई ठेवली होती. हिमायतनगरकडच्या खेड्यातली, मराठा, नवऱ्याने टाकलेली. स्वयंपाक, औषधं, अंघोळ सगळं तीच करायची आणि मागच्या खोलीत राहायची. डिसेंबरात म्हातारे झोपेतच गेले. मुलगा आणि सून आले, रीतीप्रमाणे समाधी दिली.

महिनाभराने शिवकुमार ठाण्यात आला. वडिलांच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी सापडत नाही म्हणाला. पिढीजात, वजनदार, झाकणावर आजोबांचं नाव. मुलाच्या, शिवांशच्या, दीक्षेसाठी ती हवी होती. बायकोला, अंजूला, विचारलं तर ती म्हणाली, आपण पोचलो तेव्हा डबी गळ्यात नव्हतीच.

आता तूच सांग. आपल्यातला माणूस जिवंतपणी गळ्यातलं लिंग उतरवतो का? मग डबी उतरली कधी, आणि कोणी उतरवली? ठाण्यातल्या कुणाला हे सुचलं नाही, त्यांच्या लेखी ती नुसती चांदी. मला मात्र शिवकुमारचं बोलणं पुरं व्हायच्या आतच कळलं, तेव्हा घरात होती ती फक्त सिंधू.

सिंधूच्या खोलीची झडती मी स्वतः घेतली. डबी सापडली. देवाच्या फळीवर, धुतलेल्या फडक्यात, वर हळदकुंकू वाहिलेलं. निर्ढावलेपणाची कमाल बघ. अटक केली. बाई काही बोलली नाही. साहेब म्हणतात हे नुसतं चोरीचं दिसत नाही, म्हातारा कसा मेला तेही बघावं लागेल.

तुला अभिमान वाटेल म्हणून लिहिलं.

मंजुश्री

*

लातूर, १२ फेब्रुवारी २०२४

मंजू, आशीर्वाद आहेतच.

पत्र पोचलं. अक्षर तुझ्या बापासारखं, घाईत असलेलं. अभिमान वाटायचा तो वाटला. तो बाजूला ठेवून आता बाकीचं लिहिते.

आम्ही खाकी पातळ नेसून भरती झालो, तेव्हा आमच्या हाती केस कुणी देत नव्हतं. बाई पकडली, महानंदाला बोलवा. बाई भाजली, महानंदाला बोलवा. जबाब साहेब घेणार आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर, बाईमाणूस हजर होतं असं कागदावर दिसावं म्हणून. माझ्याबरोबरची पंचशीला म्हणायची, साहेबांनी प्रश्न विचारायचे आणि उत्तरं आपण ऐकायची, अशी वाटणीच आहे. तर त्या स्टुलावर बसून माझे कान तयार झाले आहेत आणि तुझ्या पत्रातल्या काही गोष्टी त्यांना खटकतात.

बाई काही बोलली नाही, असं तू लिहितेस. मंजू, झडतीत गप्प राहिलेली बाई मी अख्ख्या नोकरीत पाहिली नाही. रडते, शिव्या देते, देवाचं नाव घेते, नाहीतर कुणा माणसाचं. ती काय म्हणाली ते मला लिही. तुझ्या पंचनाम्यात नसेल तरी लिही.

दुसरं. चोरीचा माल फळीवर मांडून त्याला हळदकुंकू वाहणारा चोर मला दाखव. सराफा तिच्या घरापासून लांब नाही. वितळवून कधीच मोकळी झाली असती.

तिसरं. तू सारखी डबी डबी लिहितेस. डबीत काय होतं, ते लिहीत नाहीस. उघडून बघितलीस ना? की फौजदारीणबाई आनंदात ते विसरल्या?

आणि सुनेचा जबाब घेतलास का? की नवऱ्यानेच तिच्या वतीने सांगितलं आणि तू उतरवून घेतलंस?

जेवण वेळेवर कर. मेसचं खाणं पोट बिघडवतं.

महानंदा

*

नांदेड, १८ फेब्रुवारी २०२४

आत्या,

डबी उघडली होती. रिकामी होती. म्हणजे लिंग तिने कुठेतरी टाकून दिलं असणार, ही तर आणखी वाईट गोष्ट. आपल्या माणसाला हे ऐकवत नाही, तुला कसं विचारवलं कोण जाणे. सिंधू रडली, एवढंच. सुनेचं म्हणणं शिवकुमारच्या तक्रारीतच आलं आहे, तिला वेगळं विचारायची गरज वाटली नाही.

आता माझा एक प्रश्न. परवा बाबांशी बोलताना सहज डाळमिलवाल्या शिवकुमारचं नाव निघालं. बाबा म्हणाले, अगं तो महानंदाच्याच गल्लीतला, त्याची बायको दर सोमवारी भजनाला तिच्याकडेच असते. मी फोन ठेवला आणि तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. सुनेचा जबाब घेतलास का, असं साळसूदपणे विचारतेस आणि ती सून रोज तुझ्या दारावरून जाते, हे एका अक्षराने लिहीत नाहीस.

मग मला इतरही गोष्टी आठवायला लागल्या. शिवकुमार ठाण्यात आला तो सरळ माझ्या टेबलाशी. साहेब समोर बसलेले असताना. त्याला माझं नाव कुणी सांगितलं? इथे सगळे दबक्या आवाजात म्हणतात, समाजाचा माणूस समाजाच्या फौजदाराकडे आला. तूच पाठवलंस का त्याला? आणि पाठवलं असशील तर आता सिंधूची बाजू का घेतेस? तू त्या चोर बाईला वाचवतेस की अंजूला, हे मला कळेनासं झालं आहे.

वाईट वाटलं तर वाटू दे. संशय घ्यायला तूच शिकवलंस.

मंजुश्री

*

लातूर, २३ फेब्रुवारी २०२४

मंजू,

रागावले नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. रागावले. दोन दिवस तुझं पत्र देवघरातल्या कोनाड्यात पालथं घालून ठेवलं. मग वाटलं, पोरीने आत्यालासुद्धा सोडलं नाही, चांगली पोलीस होणार ही.

हो, अंजू माझ्याकडे येते. लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू माझं पत्र शेजारणीची वकिली म्हणून वाचलं असतंस. शिवकुमारला मी पाठवलं नाही. आडनावावरून आपला अधिकारी शोधायला लोकांना माझी गरज लागत नाही. तुझ्या टेबलाशी तो का आला, हे त्यालाच विचार. मला वाटतं, तुला फार काही समजावून सांगावं लागणार नाही म्हणून आला.

आणि तसंच झालं. गुरुद्वाऱ्याजवळच्या एखाद्या सरदारजीच्या घरची केस असती, तर तू चार म्हाताऱ्यांना गाठून विचारलं असतंस, बाबा, तुमच्यात मयताची रीत काय, कोणती वस्तू कोण काढतं, कुणाच्या हातात देतं. इथे घर आपलं, रीत आपली, म्हणून तू कुणालाच काही विचारलं नाहीस. ठाण्यात दुसऱ्या कुणाकडून ही चूक झालीच नसती, मंजू. ती फक्त आपल्यातल्याच माणसाकडून होणार होती.

आता डोकं शांत ठेवून वाच. आपल्यात माणूस गेला की त्याला बसवतात. जंगम येतो, डबीतून लिंग काढतो आणि त्याच्या डाव्या हातात देतो. ते त्याच्याबरोबर मातीत जातं. डबी रिकामी होते ती तेव्हा. लिंगासकट डबी सापडली असती, तर मीही चोरी म्हटलं असतं. तू म्हणतेस तिने लिंग टाकून दिलं. मग त्या दिवशी विरूपाक्षप्पांच्या हातात काय दिलं? लिंग हरवलं असतं, तर समाजात केवढी बोंब झाली असती. झाली का? जंगम कोण होता? त्याला जाऊन विचार.

आणखी एक सांगते. हिमायतनगरला मी होते तेव्हा बायकांसाठी कोठडी नव्हती. अटकेतली बाई माझ्या क्वार्टरवर मुक्कामाला यायची आणि मीच तिचा पहारा. एक बाई अशीच, साहेबांसमोर दिवसभर मुकी. माझ्या चुलीपुढे पीठ मळायला बसली आणि बोलायला लागली. भीती तिला आमची नव्हतीच, सासऱ्याची होती. तेव्हापासून कुठलीही बाई गप्प दिसली, किंवा पढवल्यासारखी बोलली, की मी आधी तिच्या मागे कोण उभं आहे ते बघते.

सिंधू नुसती रडली हे मला अजून पटलेलं नाही.

महानंदा

*

नांदेड, ३ मार्च २०२४

आत्या,

धोंडप्पा स्वामींकडे जाऊन आले. समाधी त्यांनीच दिली होती. गोदावरीच्या बाजूला जुन्या वस्तीत राहतात, डोळ्यांना कमी दिसतं, पण बाकी खणखणीत. मी विचारलं, लिंग कुठून काढलं?

"कुठून म्हंजे? डबीतून. गळ्यातच होती की. घरातच काढलं मी, माणसं सगळी भायेर गाडी बघून राहिली होती."

"आणि डबी?"

"सूनबाईच्या हातात दिली. दुसरं कोन होतं तिथं?"

मी म्हटलं, स्वामी, ही गोष्ट तुम्ही आधी का सांगितली नाही? ते म्हणाले, "चोरी झाली ऐकलं. डबीची हाय हे कुनी सांगितलं? आन् मला कोन विचारलं?"

परत येताना मला रिक्षात बसून राहावंसं वाटलं, ठाण्यात पाऊल टाकावंसं वाटेना.

आता ते लिहिते जे मी तुला दोन पत्रांत लिहिलं नाही. सिंधू बोलली होती. मी डबी हातात घेतली तेव्हा म्हणाली, "सूनबाईनं दिली मला. माझ्या वंजळीत घातली, देवाशप्पत." मी तिला म्हटलं, लिंगायताच्या घरची सून ही वस्तू तुला देईल? मागे उभा असलेला हवालदार हसला, सगळेच असं म्हणतात म्हणाला. मला ते इतकं अशक्य वाटलं, की मी लिहून घेतलं नाही. तुला कळवलं नाही, कारण तू नेमकं तेच विचारलंस आणि मला त्याचा राग आला. आत्या, मला लाज वाटते.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, एक म्हातारा जंगम, त्याला दिसत नाही, आणि दुसरीकडे खुद्द सुनेचं म्हणणं. कोर्टात कोण टिकेल? सुनेने म्हणणं बदललं तर बघू. नाहीतर तहसीलदारांकडे अर्ज तयार आहे. समाधी उकरून प्रेत तपासायचं. तसं झालं आणि कुठे काही शंकास्पद निघालं, तर सिंधूवर खुनाचं कलम लागेल. ती आता इथल्या तुरुंगात आहे. जामिनाला उभं राहायला तिचं कुणी नाही.

अंजू खोटं का बोलली असेल? तिने स्वतः डबी देऊन मग या बाईला अडकवलं, तर तिचा काहीतरी डाव असणार. घर, वाटणी, काहीतरी. तू तिला ओळखतेस. ती कशी बाई आहे?

मंजुश्री

*

लातूर, ९ मार्च २०२४

मंजू,

डाव वगैरे काही नाही. असता तर बरं झालं असतं, डाव उघडा पाडता येतो.

मी अंजूकडे गेले. काही विचारायचं नाही असं ठरवूनच गेले, उद्या कुणी म्हणायला नको की निवृत्त जमादारणीने साक्षीदार पढवली. ती ओसरीत डाळ पाखडत होती. मी शेजारी बसले, एक ताट ओढून खडे वेचायला लागले. बराच वेळ मिलच्या मजुरांचं आणि शिवांशच्या क्लासचं बोलून झालं. मग तीच म्हणाली,

"काकू, तुमच्या भाचीनं धरलं म्हणे सिंधूला."

"हो."

"मारले का तिला?"

"नाही. पण तुरुंगात आहे. आता तुझ्या सासऱ्यांची समाधी उकरायचं चाललंय."

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. मग ती बोलली, आणि मी मध्ये तोंड घातलं नाही.

"चार वर्षं मी मामांना पाणी दिलं नाही, काकू. तिनं दिलं. तिनं अंघोळ घातली, तिनं घाण काढली. स्वामींनी डबी माझ्या हातात दिली, तवा ती मागच्या दारात उभी होती. आत यायची हिंमत होईना तिची. मला लई लाज वाटली. जाऊन तिच्या हातात घातली. घरी आल्यावर हे विचारले, डबी कुठाय? तुम्हाला यांचा आवाज माहीत हाय. तोंडातून निघून गेलं, नव्हतीच म्हणून. मला वाटलं विसरतील. हे तर पोलिसात गेले."

मी म्हटलं, मग आता? ती म्हणाली, "खरं बोलले तर या घरात जन्मभर मी खोटी. नाही बोलले तर ती चोर. मी काय करू, तुम्हीच सांगा."

मी सांगितलं नाही. तिचा राग आला, तिची दयाही आली. एका शब्दासाठी एक बाई गजाआड बसली आहे आणि ही इथे डाळ पाखडते आहे. पण तिला मी वर्षानुवर्षं बघते. त्या घरात भाजीत मीठ जास्त पडलं, तर तेसुद्धा आपल्या हातून पडलं असं ती सांगू शकत नाही.

आता तुझी अडचण बघ. बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जाऊन घ्यायचा, असा कायदा आहे. आपल्या भल्यासाठीच केला आहे. पण अंजूचं घर म्हणजे शिवकुमारची बैठक. तिथे त्याच्यासमोर ती काय बोलणार? माझ्या घरी बोलावलं, तर तो म्हणेल आत्या-भाचीने मिळून रचलं.

म्हणून ये, वर्दीत ये, लेखी नोंद करून ये. माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. मी खिडकीतसुद्धा उभी राहणार नाही.

महानंदा

*

नांदेड, १६ मार्च २०२४

आत्या,

तुझ्या दारावरून गेले आणि थांबले नाही. तुझ्या कट्ट्यावरची तुळस सुकल्यासारखी वाटली, पाणी घाल.

शिवकुमार बैठकीत गादीवर, बरोबरची महिला कॉन्स्टेबल आणि मी खुर्च्यांवर. अंजू चहाचा ट्रे घेऊन दारात. मी म्हटलं, यांचा जबाब घ्यायचाय, तुम्ही जरा बाहेर बसा. तो हसला.

"मॅडम, आमच्यात अशी पद्धत न्हाई. जे बोलायचं ते माझ्यासमोर बोलंल. आन् तिला काय म्हाईत? मी सांगितलंच हाय सगळं."

मला वाटलं, संपलं. तो उठणार नव्हता आणि तो असताना ती बोलणार नव्हती. मग मी एकच गोष्ट केली. अंजूला काही न विचारता शिवकुमारला खरं काय चाललंय ते सांगितलं. म्हटलं, तुमच्या तक्रारीवरून वडिलांच्या मृत्यूचा तपास करायचा तर समाधी उकरावी लागेल. अर्ज तयार आहे. तारीख ठरली की तुम्हाला कळवू, तुम्हाला हजर राहावं लागेल.

आत्या, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. डबी मिळाली म्हणजे झालं, असं त्याच्या डोक्यात होतं. त्याचा चेहरा उतरला. "आप्पाला भायेर काढनार?" एवढंच म्हणाला.

दारातून आवाज आला. "उकरू नका." अंजूने ट्रे खाली ठेवला होता. नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "मामांच्या डाव्या हातात लिंग हाय. स्वामींनी माझ्यासमोर डबीतून काढलं. डबी माझ्या हातात दिली. मी ती सिंधूला दिली. तिनं मागितली नव्हती."

शिवकुमारने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "लिहू नका मॅडम. घरातली गोष्ट हाय. मी तक्रार मागं घेतो, बाईला सोडून द्या, इषय संपला." आणि खरं सांगते, क्षणभर मला ते सोयीचं वाटलं. अंजू वाचली असती, मीही वाचले असते. माझ्या पंचनाम्यात काय राहिलं होतं, ते कुणी विचारलं नसतं. पण मग सिंधू चोरच राहिली असती, दया दाखवून सोडलेली चोर. पुढे तिला आपल्या घरात कोण उभं करणार होतं?

मी अंजूला विचारलं, लिहू? ती म्हणाली, लिहा. लिहून झाल्यावर मी वाचून दाखवलं, तिने एक शब्दही बदलायला लावला नाही.

साहेबांसमोर जबाब ठेवला. सिंधू झडतीत काय म्हणाली होती, तेही लिहून दिलं. आता माझी चौकशी लागली आहे. लागू दे.

मंजुश्री

*

लातूर, २२ मार्च २०२४

मंजू,

तुळशीला पाणी घातलं. ती सुकलेली नाही, मंजिऱ्या आल्या आहेत. तुला काही कळत नाही.

गल्लीला सगळं कळलं आहे आणि मीच अंजूच्या कानात भरलं, असं ठरलं आहे. सोमवारच्या भजनाला निम्म्या बायका आल्या नाहीत. एकीला गुडघा, एकीला पाहुणे. अंजू मात्र आली. माझ्या शेजारी बसली आणि पहिल्यांदाच मोठ्या आवाजात म्हटलं तिने. शिवकुमार तिच्याशी बोलत नाही. ताट वाढून ठेवते, तो जेवून उठतो. उदगीरहून तिचा भाऊ न्यायला आला होता, ती गेली नाही. म्हणाली, मी गेले तर लोक म्हणतील खोटं बोलली म्हणून हाकलली. मला तिची काळजी वाटते, पण तिच्याकडे बघून आत कुठेतरी बरंही वाटतं.

शिवकुमारने माझ्याकरवी एक निरोप पाठवला आहे. स्वतः तोंड दाखवायची त्याला लाज वाटते. सिंधूला परत ठेवायला तयार आहे, नांदेडचं घर राखायला. डबीसुद्धा कोर्टातून सुटली की तिलाच देऊ, म्हणतो. तू भेटशील तेव्हा तिला सांग. ती काय म्हणते, ते मला लिही, आणि या वेळी सगळं लिही.

चौकशीत खरं तेच सांग. नोकरीला काही होणार नाही. झालं तर लातूरला ये, माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत.

महानंदा

*

नांदेड, ३० मार्च २०२४

आत्या,

सिंधूविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल कोर्टात दिला, समाधी उकरायचा अर्ज साहेबांनी मागे घेतला आणि काल ती सुटली. तिला न्यायला मी साध्या साडीत गेले. तिने मला ओळखलं नाही. ओळखल्यावर दोन पावलं मागे सरकली.

तिला आधी विरूपाक्षप्पांच्या घरी जायचं होतं, मागच्या खोलीतलं सामान घ्यायला. किल्ली शिवकुमारने माझ्याकडे पाठवून ठेवली होती. रिक्षात मी तिची माफी मागितली. तू म्हणाली होतीस आणि मी लिहून घेतलं नाही, असं सांगितलं. तिने रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं. मग शिवकुमारचा निरोप सांगितला, घर राखायचा आणि डबीचा.

"डबी नको मला," ती म्हणाली. "मालकाची आठवन म्हनून ठिवली होती. आता बघितली की ठानंच आठवंल. आन् त्या घरात ऱ्हाऊन काय करू? उद्या दुसरं कायतरी हारपलं तर?"

गल्लीत आम्ही उतरलो, तर ओट्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. सिंधूने मागचं दार उघडलं, पण खोलीत सामान बांधलं नाही. सगळं अंगणात आणलं, बायकांना दिसेल असं. एक लुगडं उचललं, पूर्ण उलगडलं, दोन्ही हातांनी झटकलं आणि माझ्यासमोर धरलं.

"बघून घ्या मॅडम."

मी म्हटलं, "नको सिंधूताई. काही गरज नाही."

"तुम्हाला नसंल. मला हाय."

मग तिने दुसरं झटकलं, मग तिसरं. पोलकी उलटी करून दाखवली. पातेली पालथी घातली, पिठाचा डबा रिकामा करून परत भरला. देवांच्या तसबिरी फळीवरून काढल्या आणि एकेकीची मागची बाजू माझ्याकडे वळवली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं, पण तो हक्क मला नव्हता. आत्या, मी ज्या बाईची झडती घेतली होती ती निरपराध होती, हे मला माहीत होतं, कोर्टाला माहीत होतं, ओट्यावरच्या बायकांनाही माहीत होतं. तरी ती प्रत्येक वस्तू झटकत होती, आणि मी प्रत्येक वस्तू बघितली. न बघणं तिला चाललं नसतं.

सगळं झाल्यावर तिने चादर पसरली, सामान तिच्यात मांडलं, चार टोकं हातात धरली आणि माझ्याकडे वर बघून विचारलं,

"आता बांधू का?"

मी हो म्हटलं. तेव्हा तिने गाठ मारली.

मंजू